ठेवून जा, रविवारी सांगीन

आमच्या घरी पान खायला कोणी बसलं की मी आधीच सांगून ठेवते, पानदानाच्या झाकणाला घुंडी नाही, नख घालून उघडा. सून म्हणते, आई, बर्डीच्या बाजारात नेऊन नवी लावून आणते, कितीसं काम आहे ते. मी म्हणते, राहू दे. दर दिवाळीला भांडी घासायला निघाली की हे बोलणं होतं आणि तिथंच थांबतं. तिला वाटतं, म्हातारीचा हट्ट. आहेच हट्ट. पण त्या घुंडीच्या जागी मला एक बाई दिसतात, आणि नवी घुंडी बसली की त्या दिसायच्या थांबतील, अशी माझी आपली समजूत आहे.

आम्ही सक्करदऱ्याला राहायला गेलो तेव्हा तळ्याच्या बाजूला वस्ती विरळ होती. बांगलादेशची लढाई नुकतीच होऊन गेली होती. आमच्या घराला लागूनच निमजे बाईंचं घर, मध्ये एकच भिंत. बाई मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या, आणि आम्ही गेलो त्याच सुमाराला निवृत्त झाल्या होत्या. उंच, हाडापेरानं मजबूत, चालताना मान जराशी खाली, वाटेत काही पडलंय का ते पाहत चालल्यासारख्या. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. देवपूजेला बसल्या तरी पेन्सिल, भाजीबाजारात गेल्या तरी पेन्सिल. एकदा दवाखान्यात नर्सनं ती काढून बाजूला ठेवली, तर बाईंनी दंडाला पट्टा बांधू दिला नाही. म्हणाल्या, "आधी माही पेन्सिल दे वं, मग काय मोजाचं ते मोज."

लग्न केलेलं नव्हतं. भाऊ भंडाऱ्याला, धाकटी बहीण रायपूरला. दिवाळीत कोणी डोकावून गेलं तर गेलं. एरवी भिंतीपलीकडून जे ऐकू यायचं ते एका माणसाच्या घराचं. एक ताट मांडल्याचा आवाज, एक वाटी, मग लगेच धुतल्याचा आवाज. आमच्याकडे सासूबाई, आम्ही दोघं, तीन पोरं. जेवणं कधी सुरू झाली नि कधी संपली हे कळायचं नाही. बाईंचं जेवण मला कळायचं. फार लवकर संपायचं.

फक्त रविवारी ती भिंत बोलायची.

रविवारी सकाळी बाईंकडे माणसं यायची. सायकली आमच्या फाटकापर्यंत लागायच्या. यातले मुख्य म्हणजे देशकर साहेब, एका बँकेत रोखपाल. त्यांची मुलगी बाईंच्या वर्गात होती, ती ओळख. देशकर आणि त्यांचे चारदोन मित्र सुटीच्या दिवशी डबे बांधून रामटेकच्या बाजूला, कन्हानच्या काठाला फिरायचे. नांगरलेली शेतं, पावसानं धुतलेले उतार, ढासळलेले बांध असे तुडवायचे आणि जमिनीवर जे काही चमकेल, हिरवं दिसेल, ते खिशात घालून आणायचे. कोणी पत्ते खेळतं, कोणी गळ टाकून बसतं, यांना हा नाद. धातूचे एवढाले तुकडे, बोटाच्या पेरापेक्षाही लहान. कशाची तरी कडी, कशाचं तरी टोक, वेल काढलेला पत्र्याचा कोपरा. ते बाईंच्या पुढं ठेवायचे आणि विचारायचे, हे काय आहे, आणि किती जुनं आहे.

बाईंना हे कुठून येत होतं? वर्षानुवर्षं त्या पोरींना म्युझियममध्ये नक्षी उतरवायला न्यायच्या. पोरी पानाफुलांची दोन चित्रं काढून बाहेर चिंचा खायला पळायच्या, बाई आतच राहायच्या. दागिने, दिवे, डब्या, मुठी, सगळ्यांची नक्षी त्यांनी हातानं काढली होती, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मला म्हणायच्या, "डोयानं पाह्यलेलं विसरते माणूस. हातानं काढलेलं हाताले याद राह्यते."

त्यांची पाहण्याची रीत मला फार आवडायची. एका ताटात ज्वारी पसरायची आणि तुकडा त्या दाण्यांत रोवायचा. वाटेल तसा उभा राहतो, आडवा राहतो, हात लावावा लागत नाही. ते ताट पूर्वेच्या खिडकीत ठेवायचं. कोवळं ऊन तिरपं पडतं तोवरच पाहायचं, कारण वर आलेल्या उन्हात बारीक खोलगटी दिसत नाही. म्हणून सकाळची वेळ. बाई भिंग लावून त्या ताटाभोवती फिरायच्या, वाकून, लग्नाच्या पंक्तीत वाढणाऱ्या बाईसारख्या. आधी वस्तूला नाहीच विचारायच्या, माणसाला विचारायच्या, "कुठं सापडलं? बांधावर का वावरात? वर होतं का मातीत होतं?" हे विचारून झालं की पुन्हा तेच विचारायच्या. देशकर हसायचे, "बाई, पोलिसात जायला पाहिजे होतं तुम्ही."

एकदा त्यांच्यातल्या एकानं एक पितळी टोपण आणलं. वर कळ्या कोरलेल्या, खाली रिकामं. त्याला वाटत होतं, राजाच्या मुकुटाचं टोक. बाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "शेंबी आहे गा. पोळ्याले बैलाच्या शिंगात घालतात ते." बिचाऱ्याचं तोंड उतरलं. मग बाईंनी त्याला जवळ बोलावलं, भिंग त्याच्या हातात दिलं. "आत पाह्य. धागे दिसतात? चिंधी गुंडाळली होती कोणी आतून. शिंगाले रुतू नये म्हणून. आणि कळ्या हातानं ठोकल्या, एक मोठी, एक बारकी. आता कारखान्याच्या येतात त्या साऱ्या सारख्या. लाडाचा बैल होता." तो माणूस ती शेंबी रुमालात बांधून घेऊन गेला. राजाच्या मुकुटासारखीच घेऊन गेला.

नळावर बायका बोलायच्याच. एकटी बाई आणि दारात इतक्या सायकली. एकीनं एकदा तोंडावरच विचारलं, "काहून येतात वं इतके माणसं तुमच्याकडे?" बाईंनी घागर भरत भरत सांगितलं, "भंगार घेऊन येतात. किती जुनं आहे ते पाह्यतो आम्ही. तुह्या घरचा पाठव नं एखाद्या रविवारी, पाहून सांगीन." नळावर जी हसाहस झाली, त्यानंतर कोणी विचारलं नाही.

पोहे करायला मी मदतीला जायची. तिथं स्वयंपाकघरात मला बाईंची एक गोष्ट लक्षात आली. बाहेर कोणी तुकडा दिला की बाई पाहायच्या, पाहायच्या, आणि म्हणायच्या, "ठेवून जा. रविवारी सांगीन." आज रविवारच आहे, म्हणजे पुढच्या. घाई करणाऱ्याला ठरलेलं उत्तर, "याले इतके वर्ष कोणी विचारलं नाही. आठ दिवसानं काही बिघडत नाही." मग आत यायच्या आणि कढईत शेंगदाणे परतता परतता मला सगळं सांगून टाकायच्या. लामणदिव्याच्या साखळीचा हंस आहे, आजोबाच्या काळातला. चुन्याच्या डबीचं झाकण आहे, भोसल्यांच्या वेळचं असन.

मी म्हटलं, "बाई, तुम्हाले तं आत्ताच कळलं. मग रविवारी काय सांगाचं?"

बाईंनी कढईखालचा जाळ कमी केला. "पोह्यात साखर टाकली का वं तू?" एवढंच म्हणाल्या.

मला जे कळायचं ते कळलं. तुकडा बाईंकडे राहिला की तुकड्याच्या मालकाला परत यावंच लागतं. काड्यापेटीत कापूस घालून, तिच्यात तुकडा ठेवून, त्या पेट्यांची रांग बाईंनी कोनाड्यात लावलेली असायची. आठवडाभर मी पाहायची, जाता-येता त्यांची नजर तिथं जायची. कोणाच्या घरी धान्याचे डबे भरलेले असले की जिवाला स्वस्थ वाटतं ना, तसं.

मग देशकरांची ती पट्टी निघाली.

रामटेकच्या पायथ्याच्या एका बांधावर देशकरांना पितळेची एक वाकलेली पट्टी सापडली. मधोमध सिंह, दोन्ही बाजूंनी वेल, कडेनं टिंबांची ओळ. आजवर इतकं नक्षीदार काही कोणाला सापडलं नव्हतं. देशकर तिला घेऊन आले ती झगमगत. दिवाळीच्या समईसारखी.

बाई खिडकीत ताट मांडून उभ्या होत्या. पट्टी पाहून त्यांनी विचारलं, "आंघोळ कोणी घातली याले?"

देशकर ओशाळले. "घरचे म्हणाले, बाईंकडे असं मळकट काय नेता. चिंच-मीठ लावून घासली थोडी."

"थोडी?"

"राखही लावली."

सगळे हसले. बाई नाही हसल्या. धातूच्या अंगावर जी हिरवी-काळी साय धरते तीच तर त्याची अर्धी साक्ष, आणि ती देशकरांच्या मोरीतून वाहून गेली होती. आपल्या बायकांना चिंच दिसली की पितळ घासल्याशिवाय राहवत नाही, याला कोण काय करणार. बाईंनी ज्वारीत पट्टी रोवली, पाहिली, उलटी करून पाहिली. म्हणाल्या, "अंगावरचं सारं गेलं, साहेब. आता वेळ लागन. ठेवून जा."

आत येऊन त्या पाटावर बसल्या. मी वाट पाहत होते.

"बँडवाल्याच्या टोपीचा बिल्ला आहे," बाई हळूच म्हणाल्या. "वरातीतल्या. टिंबं पाह्यली? एकाच मापाचे सारे, दाब देऊन काढलेले. मांगून खोलगट आहे. आमच्या धाकटीच्या लग्नात बँडवाला माह्या बाजूलेच उभा होता, किती वेळ. हाच सिंह होता टोपीवर."

"मग सांगून टाका नं."

"सांगीन."

पण नाही सांगितलं. पुढच्या रविवारी म्हणाल्या, अजून पाहून राहिली. त्याच्या पुढच्या रविवारी म्हणाल्या, वेल कळून राहिला, सिंह नाही कळून राहिला. आणि इकडे त्या पट्टीची बातमी पसरली. देशकरांच्या बँकेतले लोक यायला लागले, कोणी कॉलेजातला मास्तर आला. बाईंच्या त्या दोन खोल्यांत बसायला जागा पुरेना, आमच्याकडच्या सतरंज्या गेल्या, आमचे कप गेले. रामटेकची जागा, तेव्हा वाकाटकांच्या वेळचीच, दीड हजार वर्षांपूर्वीची असणार, असं कोणी बोललं, आणि दुसऱ्या रविवारी ते सगळ्यांना ठाऊकच असल्यासारखं झालं. बाई हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. पोहे वाढत राहिल्या. मी त्यांना इतकं बोलताना, इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. लोक गेल्यावर कप धुतानासुद्धा गुणगुणायच्या.

मला धाकधूक होती. आमच्या यांना मी सांगितलं तर हे म्हणाले, "तू मधात पडू नको. बाईले समजते."

एका रविवारी देशकर जाहीर करून मोकळे झाले. वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शन ठेवलं आहे, सगळ्यांचे तुकडे मांडायचे, पाहुणे बोलावले आहेत, आणि मधोमध काचेखाली ही पट्टी. खाली पाटी लावायची, वाकाटककालीन. "आणि बाई, तुम्ही दोन शब्द बोलायचे. आता तरी सांगून टाका तुमचा सिंह." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंच्या हातातला पोह्यांचा झारा तसाच राहिला.

त्या दिवशी भिंतीपलीकडून ताटाचा आवाजच आला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई माझ्या दारात. पेन्सिल अंबाड्यात, पट्टी रुमालात. "शांते, प्रतापनगरले येतं का माह्यासंगं? देशकरांकडे."

सायकल-रिक्षानं गेलो. प्रतापनगर तेव्हा नवीनच, मोकळे प्लॉट, मधूनमधून घर. वाटेत बाई मांडीवरचा रुमाल सावरत राहिल्या. मी म्हटलं, "बाई, प्रदर्शनातच नका जाऊ. दुखणं सांगा काही." त्या म्हणाल्या, "पाहुण्यात एखादा म्हातारा निघन वं, ज्यानं वराती पाह्यल्या. तो ओळखन. मग चार लोकांत त्या माणसाचं काय होईन?"

देशकर बँकेतून आलेच होते. बाईंना दारात पाहून आधी हरखले. त्यांच्या बायकोनं चहा टाकला. बाईंनी रुमाल उघडून पट्टी टेबलावर ठेवली आणि जसं स्वयंपाकघरात मला सांगितलं होतं तसंच सांगितलं. टिंबं, मागची खोलगटी, टोपीला टाचायच्या दोन खुणा. शाळेत शिकवल्यासारखं, बोटानं दाखवत. देशकर ऐकत होते. मध्येच त्यांच्या बायकोला हसू आलं, तिनं पदर तोंडाला लावला.

देशकरांनाही आलं असतं हसू. माणूस वाईट नव्हता. पण त्यांनी विचारलं, "हे तुम्हाला कधी कळलं बाई?"

बाईंनी खोटं सांगायचं ठरवलं असतं तर सोपं होतं. काल कळलं, म्हटलं असतं तर झालं असतं.

"पहिल्या दिवशी," बाई म्हणाल्या.

"पहिल्याच दिवशी? अहो, मी पाहुण्यांना बोलावलं. साऱ्या बँकेत सांगितलं. तुमच्यासमोरच बोलत होतो नं आम्ही? मग काहून नाही सांगितलं?"

बाईंनी चहाचा कप उचलला, प्यायल्या नाहीत, परत ठेवला.

"तुमी सारे येत होते," त्या म्हणाल्या.

एवढंच. देशकरांना ते कळलं की नाही, मला सांगता यायचं नाही. कदाचित कळलं, आणि कळलं म्हणूनच त्यांनी मान फिरवली. ते खिडकीबाहेर पाहत राहिले. बाईंनी रुमाल झटकून घडी केला आणि म्हणाल्या, "चला शांताबाई." मला शांताबाई त्या तेवढ्याच एका वेळी म्हणाल्या.

प्रदर्शन झालं म्हणतात. पट्टी नव्हती. आम्ही गेलो नाही, बोलावणं नव्हतं. रविवारी बाईंनी सवयीनं पोहे भिजवले. ज्वारीचं ताट खिडकीत ठेवलं. ऊन तिरपं होतं ते सरळ झालं. एकच जण आला, तो शेंबीवाला, कोनाड्यातल्या सगळ्यांच्या काड्यापेट्या पिशवीत घालून घेऊन गेला. जाताना बाईंच्या पाया पडला, पण घेऊन गेला. मग आम्ही सगळे पोरांसकट बाईंकडे पोहे खायला गेलो. बाई पोरांना वाढत होत्या आणि नजर कोनाड्याकडे. कोनाड्यात नुसत्या धुळीत पेट्यांच्या खुणा.

त्यानंतर दोन-तीन रविवार भिंतीपलीकडून एक ताट, एक वाटी. मला ऐकवेना.

आमच्या सासूबाई त्याच्या आदल्या वर्षी गेल्या होत्या. त्यांच्या पानदानाची घुंडी माझ्या धाकट्यानं ओढून ओढून तोडली होती. पितळेची, एवढीशी, वर कमळाच्या पाकळ्या. झाळून आणायची राहिलीच होती. मी ती पदराच्या टोकाला बांधली आणि गेले बाईंकडे. सकाळचीच वेळ होती.

"बाई, हे सापडलं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग तळहातावरच्या घुंडीकडे. त्याच पानदानातलं पान त्या रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून खात आल्या होत्या. ती घुंडी त्यांनी स्वतःच्या बोटांनी किती वेळा उचलली असेल.

"कुठं सापडलं?"

"तळ्याकाठी."

"वर होतं का मातीत होतं?"

"मातीत. अर्धं वर होतं."

बाईंनी ताटात ज्वारी पसरली. घुंडी रोवली. भिंग घेतलं आणि वाकून त्या ताटाभोवती फिरायला लागल्या. बराच वेळ फिरल्या. मग पेन्सिल काढून डोकं खाजवलं, पुन्हा खोचली.

"अवघड आहे वं," म्हणाल्या. "ठेवून जा. रविवारी सांगीन."

रविवारी मी गेले. पोहे होते. बाईंनी सांगितलं, "ओतीव आहे. पाकळ्या नंतर कोरल्या. आणि हे पाह्य, एका अंगानं झिजली. डाव्या हाताचा अंगठा आहे. जिची कोणाची होती ते बाई डाव्या हातानं झाकण उघडे."

आमच्या सासूबाई डावखुऱ्या होत्या. मला कधी ध्यानातच आलं नव्हतं की त्यांचा अंगठा त्या पितळेत उरला असेल. डोळ्यांत पाणी आलं ते मी पोह्यांच्या मिरचीवर ढकललं.

"बाकीचं?" मी विचारलं.

"बाकीचं अजून पाहून राहिली. पुढच्या रविवारी ये."

असं चाललं. कैक वर्षं चाललं. कधी एक पाकळी कळायची, कधी देठ कळायचा. आमचे हे म्हणायचे, "काय वं, घुंडी का सोन्याची आहे, इतक्या दिवसापासून पाहून राहिल्या दोघी?" संध्याकाळी बाई आमच्या ओट्यावर यायच्या, मी पानदान पुढं करायची, बाई नखानं झाकण उघडून पान लावायच्या. घुंडी कुठं गेली, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

पुढं त्यांचे डोळे गेले. आधी बारीक दिसेना, मग ठळकही धूसर. भंडाऱ्याहून भाचा न्यायला आला. सामान फार नव्हतंच, एका जीपमध्ये मावलं. मी दशम्या बांधून दिल्या. बाई पुढच्या सीटवर बसल्या. मी वाकून पाया पडले, तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि मुठीतली काड्यापेटी दाखवली.

"हे देऊन जाणार होती तुले," म्हणाल्या. "पण याचं पुरं नाही कळलं मले अजून. घेऊन जाऊ का?"

"न्या नं बाई. काय घाई आहे."

"मग तू येशीन विचाराले. रविवारी ये."

"येईन," मी म्हटलं.

जीप तळ्याच्या वळणाला लागली. मी फाटकात उभी होते. मला वाटलं, बाई हात बाहेर काढून हलवतील. हात बाहेर आला. पण हलवला नाही त्यांनी. बोटांच्या चिमटीत घुंडी होती आणि सकाळच्या तिरप्या उन्हात धरून, काही दिसत नसताना, त्या ती अंगठ्यानं फिरवून फिरवून पाहत होत्या.